‘घाबरू नकोस’ एवढे मात्र म्हणू नका!

श्रावणातली गोष्ट. दिवेलागणीच्या सुमारास दारावरची घंटा वाजली. दार उघडून पाहते तो माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. पाठीला भली मोठी पिशवी, केस पावसाने भिजलेले, आणि चेहरा असा की कोणीतरी मारून पाठवली असावी. ती इथेच पुण्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे, राहते वसतिगृहात. एरवी ती यायची ती शनिवारी, आणि आल्याबरोबर स्वयंपाकघरात शिरून डबे धुंडाळायची. त्या दिवशी बुधवार होता, आणि ती मुकाट्याने कोचावर बसून राहिली.

“काय गं, बरं नाही का?”

“मावशी, मी कॉलेज सोडतेय.”

चहा झाला, डोळे पुसून झाले, तेव्हा कुठे हकीकत कळली. वर्गापुढे उभे राहून दहा मिनिटे इंग्रजीत बोलायचे होते. ह्याला सेमिनार म्हणतात, आणि त्याला गुण असतात. हिची पाळी आली. दुसऱ्याच वाक्यात एका इंग्रजी शब्दाचा उच्चार चुकला. मास्तरांनी तिथल्या तिथे तो सुधारला, मागच्या बाकांवर हशा पिकला, आणि मग हिच्या तोंडून शब्दच फुटेना. पडद्यावर चित्रे तयार, हातात कागद तयार, आणि ही मिनिटभर नुसती उभी. शेवटी जागेवर येऊन बसली. तीन आठवड्यांनी पुन्हा एक संधी मिळणार होती. तेव्हाही जमले नाही तर शून्य. गणितात पैकीच्या पैकी गुण घेणारी ही मुलगी! सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेतून दहावीला केंद्रात पहिली आलेली!

आमचे ‘हे’ वर्तमानपत्रामागून सगळे ऐकत होते. ते म्हणाले, “अगं, घाबरायचं काय त्यात? घाबरू नकोस, झालं!”

वाचकहो, हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात बोलले जाते. मी स्वतः तीस वर्षे महाविद्यालयात शिकवले. त्या काळात तोंडी परीक्षेच्या दारात, संमेलनाच्या पडद्यामागे, वादविवादाच्या व्यासपीठाखाली उभ्या असलेल्या किती मुलामुलींना मी हेच सांगितले असेल याची गणती नाही. त्याचा कोणाला काडीइतका उपयोग झाल्याचे मला आठवत नाही. घाबरलेल्या माणसाला ‘घाबरू नकोस’ म्हणणे म्हणजे पावसात भिजलेल्याला ‘भिजू नकोस’ म्हणण्यासारखे आहे.

बालमित्रांनो!

आपल्या मराठी शाळांतून भाषण करायला शिकवीत नाहीत असे कोणी म्हटले तर ते खरे नव्हे. एक ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी येते, आणि दर वर्षी शेकडो चिमुरडी मुले व्यासपीठावर उभी केली जातात. आईने किंवा बाईंनी कागद लिहून दिलेला असतो. ‘अध्यक्षमहाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो’ इथून गाडी सुटते, शेंगांची टरफले ओलांडते, सिंहगर्जना करते आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ या स्थानकात सुखरूप पोचते. माझी भाचीही या गाडीतून अनेकदा गेलेली. तिच्या घरी भिंतीवर वक्तृत्वाची प्रशस्तिपत्रके टांगलेली आहेत.

पण हे भाषण नव्हे, पाठांतर आहे. एक शब्द निसटला की पुढचा आठवत नाही, आणि गाडी आहे तिथेच उभी राहते. याचा अनुभव मी घेतलेला आहे. महाविद्यालयात असताना स्नेहसंमेलनाच्या वादविवादात मी भाग घेतला होता. वडिलांनी सुरेख भाषण लिहून दिले होते. तिसऱ्या परिच्छेदात मी अडले. मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली, तर पुन्हा त्याच वाक्यापाशी येऊन थांबले. तिसऱ्या खेपेला मी त्या वाक्याजवळ येताच मुलांनी ते माझ्याबरोबर एका सुरात म्हटले. शेवटी अध्यक्षांनीच टाळ्या वाजवून मला खाली बसवले. त्या वाक्यातला एक शब्दही आज मला सांगता येणार नाही. पण तो हशा अजून ऐकू येतो.

मराठीत ‘सभाकंप’ असा एक नेमका शब्द आहे आणि ‘सभाधीट’ असाही एक आहे. घोटाळा असा की ज्याला कंप सुटतो तो धीट नव्हे, असे आपण धरून चालतो. वास्तविक कंप हा शरीराचा धर्म आहे. समोर वाघ असो वा साठ मुलांचा वर्ग असो, संकट आले असे मनाने ठरवले की रक्तात अ‍ॅड्रेनलिन उतरते, काळीज धडधडू लागते, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते. पळायला किंवा झुंजायला ही तयारी उत्तम. पण सिमेंटवर व्याख्यान द्यायला तिचा काय उपयोग? ही तयारी बंद करण्याचे बटण आपल्या हातात नसते. प्राचीन रोमचा सिसेरो हा जगातल्या थोर वक्त्यांपैकी एक. वक्तृत्वावरच्या त्याच्या ग्रंथात क्रॅसस नावाचा नाणावलेला वक्ता स्पष्ट कबूल करतो की, भाषणाच्या आरंभी आपला चेहरा पांढराफटक पडतो आणि सर्वांग थरथरते.

आणि आपल्या गांधीजींचे काय? लंडनला शिकत असताना ते शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते, पण बैठकीत त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. लिहून नेलेले दुसऱ्याने वाचून दाखवावे लागे. १८९१ साली निरोपाच्या मेजवानीत विनोदी भाषण करण्याचा बेत त्यांनी केला आणि एका वाक्यापुढे जाता आले नाही. बॅरिस्टर होऊन मुंबईला आल्यावर स्मॉल कॉजेस कोर्टातला पहिलाच खटला. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला उभे राहिले, तो डोके गरगरू लागले आणि एकही प्रश्न सुचेना. खाली बसून त्यांनी तीस रुपये फी परत केली. पुढे १८९३ साली प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांपुढे ते बोलले, आणि हेच आपल्या आयुष्यातले पहिले भाषण असे त्यांनी आत्मचरित्रात म्हटले आहे. मंडळी एका व्यापाऱ्याच्या घरी जमली होती, विषय व्यापारातल्या सचोटीचा होता, आणि त्याची तयारी त्यांनी नीट केली होती. तेव्हापासून भीती पळाली म्हणावे, तर तेही नाही. १८९६ साली मुंबईच्या भरसभेत पुन्हा कंप सुटला आणि त्यांचे लिहिलेले भाषण दिनशा वाच्छांनी वाचले.

ही हकीकत मी भाचीला सांगितली. ती म्हणाली, “मावशी, ते गांधीजी होते. मला तीन आठवड्यांत काय करू ते सांग.” बरोबरच होते तिचे.

कोणाला काय दिसते?

अमेरिकेतल्या सविट्स्की आणि गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना थोडक्या तयारीने भाषण करायला लावले. काहींना आधी काहीच सांगितले नाही. काहींना धीर दिला, की भीती वाटणे साहजिक आहे, काळजी करू नका. म्हणजे आमच्या ‘ह्यां’नी दिला तसाच. तिसऱ्या गटाला मात्र एक माहिती दिली: बोलणाऱ्याला वाटते की आपली धडधड, आपली घालमेल समोरच्यांना आरपार दिसते आहे, प्रत्यक्षात त्यांना त्यातले फार थोडे दिसते. हा तिसरा गट सरस ठरला. त्यांचे त्यांनाही तसे वाटले आणि ऐकणाऱ्यांनीही तसेच गुण दिले. नुसत्या धीराचा फारसा उपयोग झाला नाही.

मी हे सांगितले तेव्हा भाचीचा विश्वास बसला नाही. म्हणून तिच्याच मोबाइलवर तिचे दोन मिनिटांचे बोलणे टिपून घेतले. बोलताना ती म्हणत होती, “बघ, बघ, हात किती थरथरतोय.” मग दोघींनी ते चित्रण पाहिले. हात दिसत होता; थरथर दिसत नव्हती. ती ते चारदा पाहत बसली. त्या रात्री ती पोटभर जेवली.

पण एवढ्याने सेमिनार होत नसतो. इथे मला आणखी एक जुना प्रयोग उपयोगी पडला. गॉर्डन पॉल नावाच्या संशोधकाने इलिनॉय विद्यापीठातले, सभेत बोलायला भिणारे विद्यार्थी घेतले आणि १९६६ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. काहींच्या भीतीचे मूळ शोधण्यासाठी त्यांच्याशी खोलवर चर्चा केली. काहींना आधी अंग सैल सोडायला शिकवले, आणि मग भीतीचा जिना एकेक पायरीने कल्पनेत चढायला लावला. भाषणाविषयी खोलीत एकटे बसून वाचणे ही खालची पायरी, प्रत्यक्ष सभेपुढे उभे राहणे ही वरची. एका पायरीवर मन स्थिर झाल्याशिवाय दुसरीवर जायचे नाही. पाच बैठकींत जिना चढणाऱ्यांची भीती सर्वांत जास्त उतरली, आणि दोन वर्षांनी पाहिले तरी ती परतलेली नव्हती.

आम्ही आमचा जिना घरातच बांधला. मात्र कल्पनेतला नव्हे, खराखुरा. पहिली पायरी स्वयंपाकघरातली. मी मेथी निवडत होते. ती पाटावर बसून मला तिचा विषय समजावून सांगत होती, आणि तोही मराठीत. विषय होता काँक्रीटच्या क्युरिंगचा. इंग्रजी कागदावर मोठमोठी वाक्ये होती. ती तिने कुठूनशी उतरवून घेतली होती, आणि त्यांतले एकही तिचे नव्हते. मी म्हटले, “हे ठेव बाजूला. क्युरिंग म्हणजे काय?”

“म्हणजे स्लॅबला पाणी मारतात ना, ते.”

“कशाला मारतात? लवकर वाळू द्यावा की!”

“छे गं मावशी! सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याचा संयोग होतो म्हणून घट्ट होतं. पाणी उडून गेलं तर ते कच्चंच राहतं.” आणि मग तिची जी टकळी सुरू झाली! तिचे वडील कराडकडे लहान घरांची बांधकामे घेतात. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी भरून ठेवणे, खांबांना ओली गोणपाटे गुंडाळणे हे तिने लहानपणापासून पाहिले होते. सुट्टीत स्वतः पाणीही मारले होते. निदान सात दिवस तरी पाणी मारावे लागते, काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांनी ठोकळे दाबून मोजतात, हे सगळे तिला तोंडपाठ नव्हते, ठाऊक होते. मेथी संपली तरी मी काड्या खुडीत बसले.

दुसऱ्या दिवशी हेच उभे राहून. तिसऱ्या दिवशी ‘ह्यां’च्यापुढे, वर्तमानपत्र खाली ठेवण्याच्या अटीवर. त्यांनी मधेच जांभई दिली तेव्हा ती अडखळली. पण वर्गातही जांभया येतातच, तेव्हा तीही तालीम झाली. मग इंग्रजीत. इंग्रजी वाक्ये तिने स्वतः केली, आखूड आखूड. मग वसतिगृहातल्या दोन मैत्रिणींपुढे. आणि शेवटी सुट्टीच्या दिवशी, कॉलेजच्या रिकाम्या वर्गात, त्याच फळ्यापुढे, जिथे ती गप्प उभी राहिली होती.

झुरळांची शर्यत

तुम्ही म्हणाल, तेच तेच इतक्यांदा कशाला? त्याचे उत्तर झुरळांनी दिले आहे. रॉबर्ट झायन्स या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली चक्क झुरळांची शर्यत लावली. बाजूला पारदर्शक पेट्यांत दुसरी झुरळे प्रेक्षक म्हणून ठेवली. वाट सरळ असली तर प्रेक्षकांसमोर झुरळ एरवीपेक्षा जोरात धावे. वाट वळणाची असली तर प्रेक्षकांसमोर त्याला जास्त वेळ लागे. झायन्सचे म्हणणे असे, की कोणी पाहत असले म्हणजे जे हातचे झालेले आहे ते अधिक चांगले होते, आणि जे अजून रुळलेले नाही ते अधिक बिघडते. आपल्या वर्गातल्या मुलांची वाटही आधी सरळ व्हायला हवी. (झुरळांवरून माझ्या भाचीची तुलना केल्याबद्दल तिने माझ्याशी अर्धा दिवस अबोला धरला होता, हेही नमूद करते.)

सरळ वाट म्हणजे पाठांतर नव्हे, हे मात्र तिला पुन्हा पुन्हा सांगावे लागले. तिने पाठ केली ती फक्त पहिली दोन वाक्ये. कारण धडधड सुरुवातीलाच सर्वांत जास्त असते. बाकीचे पाच मुद्दे पाच कार्डांवर, मोठ्या अक्षरांत. आजकालच्या सेमिनारांत मुले सगळे भाषण पडद्यावर लिहून आणतात आणि वर्गाकडे पाठ करून ते वाचतात. हा सभेपासून पळण्याचाच एक प्रकार आहे, फक्त पाय जागेवर असतात.

आणखी एक. छाती धडधडू लागली की मुले मनाला बजावतात, ‘शांत हो, शांत हो.’ अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स या अमेरिकन संशोधिकेने २०१४ साली दाखवले की, ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ म्हणणाऱ्यांची भाषणे अधिक रंगली. उत्साहातही काळीज धडधडतेच. तेव्हा धडधडीला नाव तेवढे बदलून द्यायचे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती चालवणाऱ्या संस्थेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा असे आहे. ते नाव मला हल्ली निराळ्याच अर्थाने आवडू लागले आहे.

काही मुले वसतिगृहात धडधड थांबवण्याच्या गोळ्या एकमेकांना देतात असे भाचीने सांगितले. त्या हृदयविकाराच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. दमा असणाऱ्याला तर त्या घातक ठरू शकतात. डॉक्टरला विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नये. ज्या मुलाला हजेरी देतानाही घाम फुटतो, उपाहारगृहात चहा मागायचाही धीर होत नाही, जो माणसेच टाळू लागला आहे, त्याला घरातली मेथी आणि कार्डे पुरणार नाहीत. त्याने समुपदेशकाकडे जावे. केंद्र सरकारने २०२२ साली ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीसेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

आता थोडे मास्तरांविषयी, कारण मीही त्यांच्यातलीच. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला बोलण्याची भीती वाटते असे आपण म्हणतो. माझ्या अनुभवात त्याला बोलण्याची नव्हे, हसे होण्याची भीती असते. उच्चार भर भाषणात सुधारणे ही मला शिकवण्याची रीत वाटत नाही. भाषण संपल्यावर, बाजूला घेऊन सांगता येते. मीही माझ्या काळात भर वर्गात मुलांना असे टोकलेले आहे. त्यांतली किती मुले पुढे कधीच उभी राहिली नाहीत, हे मला कधी कळायचे नाही.

दहापैकी सात

गणपती चार दिवसांवर आले होते. त्या दिवशी मी सकाळपासून घड्याळाकडे पाहत होते; मुलीची पाळी अकराला होती. ‘ह्यां’नी साडेदहाला तिला फोन लावला, आणि पलीकडून आवाज येताच त्यांच्या तोंडून निघाले, “घाब...” मी डोळे वटारले. “घाईत नाहीस ना?” असे म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

संध्याकाळी ती आली. आल्याबरोबर डबे धुंडाळू लागली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

“मावशी, मधेच विसरले गं. चौथ्या कार्डाला.”

“मग?”

“मग काय, पाणी प्यायले. कार्ड बघितलं. कोणी काही बोललंच नाही. मला वाटलं पाच मिनिटं गेली, पण मैत्रीण म्हणाली चार-पाच सेकंद असतील. पाय मात्र शेवटपर्यंत लटपटत होते हं.”

“कोणी हसलं?”

“गोणपाटाचं सांगितलं तेव्हा हसले. पण ते हसणं निराळं होतं. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, गोणपाटाऐवजी प्लॅस्टिकचा कागद चालेल का. चालतो म्हटलं, आतलं पाणी उडून जाऊ नये एवढंच हवं. मग सरांनीच पुढे दहा मिनिटं त्यावर चर्चा केली.”

“आणि गुण?”

“दहापैकी सात.” लाडवाचा डबा तिच्या हाती लागला होता, पण तोंडात लाडू घालायच्या आधी तिचा चेहरा एकदम फुगला. “तीन का कापले माहीत आहे? खाली शेरा मारलाय, ‘विद्यार्थिनी फार भरभर बोलते.’ भरभर बोलते म्हणे! दहा मिनिटांत एवढं सगळं सांगायचं म्हणजे भरभर नको बोलायला? उद्या जाऊन विचारणारच आहे मी त्यांना!”

‘ह्यां’नी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी लाडवाचा डबा तिच्यापुढे सरकवला.